रूळ गेले, वाट उरली

तुमच्यापैकी जे सायकलवरून शाळेत जात असतील त्यांच्या पायांना एक गोष्ट चांगली ठाऊक असेल. सपाट रस्त्यावर गप्पा मारीत चाललेली सायकल लहानसा चढ लागला की एकाएकी जड होते. आपण बैठकीवरून उठतो, पायडलवर उभे राहून जोर लावतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मुकाट्याने खाली उतरून सायकल हाताने ढकलू लागतो. कित्येकदा तर चढ डोळ्यांना दिसण्यापूर्वी पायांनाच कळतो!

आता एक मोठा चढ डोळ्यांपुढे आणा. एखादा चांगला गड चढून जावा इतकी, म्हणजे सुमारे ५४० मीटर उंची आपल्याला गाठायची आहे. ती सायकलवरून गाठायची आहे, आणि मध्ये खाली न उतरता! हे काम कसलेल्या पैलवानाचे, असे तुम्ही म्हणाल. पण अमेरिकेतील ॲलेगेनी पर्वतात अशी एक वाट आहे, की तेथे शाळकरी मुले आणि त्यांचे आजोबा-आजीदेखील ही उंची सायकलवरून गाठतात. पिट्सबर्ग आणि कंबरलँड या दोन शहरांना जोडणारी ही वाट सुमारे २४० किलोमीटर लांब आहे. तिचे नाव 'ग्रेट ॲलेगेनी पॅसेज'. तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. लोक पायी जातात, सायकलने जातात, काही जण चाकांच्या खुर्चीतूनही फिरतात. बरीचशी वाट नदीच्या काठाकाठाने, गर्द झाडीतून जाते.

ही वाट सायकलवाल्यांसाठी कोणी आखली? खरे सांगायचे तर कोणीच नाही. ती आखली होती आगगाडीसाठी. आगगाडी बंद पडली, रूळ उखडले गेले, आणि मागे राहिली ती ही वाट. मग असा प्रश्न पडतो, की हजारो टन कोळसा ओढणाऱ्या अजस्र इंजिनासाठी केलेला मार्ग दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पायांना इतका सोयीचा कसा झाला? उत्तरासाठी आपल्याला आधी आगगाडीच्या चाकाकडे आणि मग नदीकडे पाहावे लागेल.

चाकाचा गुण आणि त्याचाच दोष

आगगाडीचे चाक पोलादाचे, आणि ज्यावरून ते धावते तो रूळही पोलादाचा. दोन्ही कठीण आणि गुळगुळीत. त्यामुळे चाक फिरताना होणारा विरोध अतिशय कमी असतो. सपाट रुळावर १ टन (१,००० किलोग्रॅम) वजनाचा डबा सावकाश चालता ठेवायला साधारण २ किलोग्रॅम वजन उचलण्याइतका जोर पुरतो. तेवढेच वजन मालमोटारीत घालून डांबरी रस्त्यावरून न्यायचे तर रबरी टायर सारखे दबत आणि फुगत असल्यामुळे साधारण १० किलोग्रॅमचा जोर लागतो. म्हणजे सपाटीवर आगगाडी मोटारीपेक्षा सुमारे पाचपट हलकी चालते.

आता चढ येऊ द्या. १०० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढत असेल, तर त्या चढाला आपण '१०० त १' म्हणू. अशा चढावर वस्तूच्या वजनाचा शंभरावा भाग तिला मागे खेचतो. १ टनाचा शंभरावा भाग म्हणजे १० किलोग्रॅम. हा हिशेब मोटारीला आणि आगगाडीला सारखाच लागू आहे. गुरुत्वाकर्षण कोणाला सवलत देत नाही!

पण परिणाम पाहा. मोटारीला पूर्वी १० किलोग्रॅम जोर लागत होता, आता २० लागेल; म्हणजे दुप्पट. आगगाडीला पूर्वी २ लागत होता, आता १२ लागेल, म्हणजे सहापट! मोटारीला जो चढ जेमतेम जाणवतो, तो आगगाडीला धाप लावतो. सपाटीवर चाक जितके हलके चालते, तितका चढ त्याला जास्त बोचतो.

आणखी एक अडचण आहे. इंजिन गाडी ओढते ते आपल्या चाकांनी रुळाला मागे रेटून. चाक आणि रूळ यांची पकड अर्थात घर्षणावर अवलंबून असते. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण एक-चतुर्थांश असते, ओल्या रुळावर त्याहूनही कमी. म्हणून तर इंजिनातून रुळांवर वाळू सोडण्याची सोय केलेली असते. समजा, १०० टन वजनाचे एक इंजिन आहे. ते फार तर २५ टन, म्हणजे २५,००० किलोग्रॅम जोर लावू शकेल. त्यापेक्षा जास्त शक्ती खर्च केली तर चाके जागच्या जागी गरगर फिरतील.

आता भागाकार करा. १०० त १ चढावर टनामागे १२ किलोग्रॅम लागतात; तेव्हा हे इंजिन स्वतःसकट सुमारे २,०८० टन ओढील. चढ ३७ त १ झाला, तर टनामागे २७ अधिक २, म्हणजे २९ किलोग्रॅम लागतील. तेच इंजिन आता जेमतेम ८६० टन नेईल. ३७ त १ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या आपल्या बोरघाटातील रेल्वेचा हा चढ आहे. तेथे अनेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने का जोडतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

सारांश, रेल्वे बांधणारा इंजिनियर चढाला भितो. पाच मैल अधिक वळसा पडला तरी चालेल, पण चढ सौम्य हवा, असा त्याचा आग्रह असतो. डोंगराळ मुलुखात असा सौम्य चढ आयता कोठे मिळणार?

नदी हीच पहिली इंजिनियर

तो मिळतो नदीच्या काठी. नदी डोंगरातून वाहताना जेथे उतार तीव्र असेल तेथे तिचा वेग वाढतो आणि ती तळ अधिक जोराने खोदते. जेथे उतार मंद होतो तेथे तिचा वेग कमी होतो आणि ती गाळ टाकते. उंचवटे कापायचे आणि खळगे भरायचे, हे काम ती लाखो वर्षे करीत असते. त्यामुळे उगमापासून मुखापर्यंत नदीच्या पात्राची उंची कागदावर काढली, तर एक सुरेख वक्ररेषा मिळते. ती उगमाशी तीव्र असते, मध्ये मंद होते आणि पुढे पुढे जवळजवळ आडवी होते.

आपल्या वाटेच्या बाबतीत हे पडताळून पाहू या. वाटेचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून ७२९ मीटरवर आहे. तेथून पश्चिमेकडे निघालो की प्रथम कॅसलमन नदीचे खोरे लागते. पुढे ही नदी यॉकिओगेनी नदीला मिळते. यॉकिओगेनी जाते मोनोंगहेलाला, आणि मोनोंगहेला पिट्सबर्गला पोचते. माथ्यापासून कनेल्सव्हिल या गावापर्यंत सुमारे १०५ किलोमीटरमध्ये वाट सुमारे ४५० मीटर उतरते. म्हणजे सरासरी उतार २३० त १. आणि कनेल्सव्हिलपासून पिट्सबर्गपर्यंत? सुमारे ९७ किलोमीटरमध्ये फक्त ५५ मीटरच्या आसपास. म्हणजे १,७०० हून अधिक मीटर गेल्यावर एक मीटर! आधी तीव्र, मग मंद, मग जवळजवळ सपाट. नदीची वक्ररेषा जशीच्या तशी वाटेत उतरली आहे.

माथ्याच्या पूर्वेला मात्र चित्र निराळे आहे. तिकडचे ओढे घाईघाईने खाली उतरून पोटोमॅक नदीला मिळतात. माथ्यापासून कंबरलँडपर्यंत वाट सुमारे ३८ किलोमीटरमध्ये ५४० मीटर उतरते. हा उतार सरासरी ७० त १ आहे. लेखाच्या सुरुवातीला ज्या चढाची आपण कल्पना केली तो हाच, फक्त खालून वर.

हा माथा म्हणजे एक जलविभाजक आहे. त्याच्या पूर्वेला पडलेला पावसाचा थेंब पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात आणि मग अटलांटिक महासागरात जातो. पश्चिमेला पडलेला थेंब ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून हजारो किलोमीटरचा प्रवास करून मेक्सिकोच्या आखातात पोचतो. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही असेच होते, नाही का? कोकणाच्या बाजूचे पाणी धाडधाड कोसळत थोडक्यात अरबी समुद्र गाठते. देशावरचे पाणी भीमा-कृष्णेतून सावकाश बंगालच्या उपसागराकडे जाते. एक बाजू तीव्र आणि दुसरी मंद, हा निसर्गाचा नमुना दोन्हीकडे पाहायला मिळतो.

जेथे नदीचे ऐकून चालत नाही

नदी आगगाडीला चढ सौम्य करून देते खरी, पण वळणे मात्र स्वतःच्या मर्जीने घेते. लांबलचक आगगाडीला तीव्र वळण मानवत नाही. अशा ठिकाणी इंजिनियराला नदीचा हात सोडावा लागतो.

ओहायोपाइल या गावी यॉकिओगेनी नदी एका डोंगराला मोठा वळसा घालते. या वळशात एक धबधबाही आहे. रेल्वेने नदीबरोबर वळसा घेतलाच नाही. वळशाच्या अरुंद मानेवरून ती सरळ गेली. त्यासाठी नदी एका पुलावरून ओलांडली आणि थोड्याच अंतरावर दुसऱ्या पुलावरून पुन्हा ओलांडली. गंमत अशी, की एका पुलाला 'लो ब्रिज' म्हणजे खालचा पूल म्हणतात आणि दुसऱ्याला 'हाय ब्रिज' म्हणजे उंच पूल. गाडीचा मार्ग तर जवळजवळ एका पातळीत आहे. मग एक खालचा आणि एक उंच कसा? कारण दोन पुलांच्या दरम्यान नदीच खाली गेली! वळसा घेताना ती धबधब्यावरून आणि खडकांवरून उतरली. नदीला उडी मारता येते, आगगाडीला येत नाही.

कॅसलमन नदीवर पिंकर्टन येथेही असाच नालाच्या आकाराचा वळसा आहे. तेथे दोन पुलांच्या मध्ये सुमारे २६० मीटर लांबीचा बोगदा खणला होता. पुढे तो धोकादायक झाला. तेव्हा सायकलवाल्यांना कित्येक वर्षे डोंगराभोवतीच्या वाटेने अडीच किलोमीटरच्या आसपास वळसा घालावा लागे. २०१५ साली बोगदा दुरुस्त होऊन खुला झाला आणि बोगद्याचा उपयोग काय असतो, हे प्रत्येकाला आपल्या पायांनी समजले. मायर्सडेल गावाजवळ तर सबंध खोरेच ओलांडावे लागले. तेथे ५८२ मीटर लांबीचा उंच पूल आहे.

थंडीत दारे लावून घेणारा बोगदा

माथ्याच्या जवळ 'बिग सॅव्हेज' नावाचा बोगदा आहे. त्याची लांबी जवळजवळ १ किलोमीटर. तेथील खडकातून सारखे पाणी पाझरते. तो भाग असा थंड, की हिवाळ्यात तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली जाते. पाण्याचा एक विलक्षण गुणधर्म तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. फटीत शिरलेले पाणी गोठते, फट रुंदावते. बर्फ वितळला की अधिक पाणी शिरते, पुन्हा गोठते. असे हिवाळ्यामागून हिवाळे चालले की मजबूत अस्तरदेखील फुटून ढासळू लागते.

यावर योजलेला उपाय साधा आहे. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना दारे बसविली आहेत. साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ती बंद ठेवतात. बाहेरची बर्फगार हवा आत शिरत नाही, आणि जमिनीच्या उबेमुळे आतले पाणी गोठत नाही. म्हणून हिवाळ्यात ही वाट मध्येच बंद असते. दारे लावून घेणारा बोगदा तुम्ही कधी ऐकला होता का?

रूळ का उखडले?

या खोऱ्यात रेल्वे आली ती मुख्यतः कोळशासाठी. कनेल्सव्हिलच्या परिसरातला कोळसा कोक करण्यास उत्तम होता. घुमटाच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्यांत, हवा अगदी बेताची ठेवून, कोळसा तापवीत. त्यातील वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जात आणि जवळजवळ शुद्ध कार्बन उरे. हाच कोक. तो पिट्सबर्गच्या झोतभट्ट्यांत लोखंड गाळण्यासाठी जाई. १८७१ साली एका रेल्वेने पिट्सबर्ग आणि कंबरलँड यांना जोडले. १९१२ साली 'वेस्टर्न मेरिलँड' या दुसऱ्या कंपनीने, बऱ्याच ठिकाणी त्याच नदीच्या समोरच्या काठाने, कनेल्सव्हिलपर्यंत आपला मार्ग नेला. एका खोऱ्यात दोन प्रतिस्पर्धी!

पुढे मालमोटारी आल्या, मोठे रस्ते झाले, खाणी आणि भट्ट्या थंडावल्या. दोन्ही रेल्वे एकाच व्यवस्थापनाखाली आल्या. एका मालकाला एका खोऱ्यात दोन मार्ग कशाला हवेत? १९७५ साली वेस्टर्न मेरिलँडचा हा मार्ग बंद झाला. समोरच्या काठावरून मालगाड्या आजही धावतात. सायकलवरून जाणाऱ्याला नदीपलीकडून शिट्टी ऐकू येते. कनेल्सव्हिलच्या खाली पिट्सबर्गच्या बाजूला असलेली आणखी एका कंपनीची शाखा १९९० च्या सुमारास थांबली.

येथे थोडे थांबून विचार करा. रेल्वे बंद पडणे ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. रुळावरून एक टन माल न्यायला किती थोडा जोर लागतो, हे आपण पाहिलेच आहे. जो मार्ग चालू शकतो तो मोडून तेथे फिरण्याची वाट करावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण मार्ग बंद झालाच, तर त्याचे काय करावे? खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

माळ तुटली की मणी विखुरतात

रूळ म्हणजे पोलाद. ते उपटून भंगारात विकता येते आणि उद्या हवे तर पुन्हा घालताही येते. मग रेल्वेत मोलाचे काय असते? मोलाची असते ती सलग जागा. डोंगर कापून, भराव घालून, पूल बांधून, शेकडो मालकांकडून पट्टी पट्टी मिळवून केलेली ती जमीन. वीस-पंचवीस मीटर रुंद आणि शेकडो किलोमीटर लांब. तिच्यात मध्येच कोणी घर बांधले, कोणी पूल काढून नेला, कोणी भराव सपाट करून नांगरला, की सौम्य चढाची ती अखंड रेघ तुटते. माळेतला एक मणी गेला तर माळ थोडी लहान होते. पण दोरा तुटला तर सगळेच मणी विखुरतात. आणि दाट वस्तीच्या काळात असा दोरा नव्याने ओवणे जवळजवळ अशक्य असते.

ही गोष्ट ध्यानात घेऊन अमेरिकेत १९८३ साली कायद्यात एक तरतूद झाली. बंद होणारा रेल्वेमार्ग 'सोडून दिला' असे न मानता 'राखून ठेवला' असे मानावे. तोपर्यंत त्याचा उपयोग पायी किंवा सायकलने जाणाऱ्यांसाठी करावा, आणि पुढे गरज पडल्यास तेथे पुन्हा रूळ घालता यावेत. बँकेत जशी ठेव ठेवतात तशी ही जागेची ठेव. क्वचित ठिकाणी अशी ठेव मोडून पुन्हा गाडी सुरूही झाली आहे. मिसूरी नदीच्या काठाने जाणारी 'केटी ट्रेल' ही सुमारे ३८५ किलोमीटरची वाट अशाच तरतुदीमुळे टिकली. तेथील गाड्या १९८६ साली थांबल्या होत्या.

पण याला दुसरी बाजूही आहे. पुष्कळ ठिकाणी रेल्वे कंपनीने जमीन विकत घेतलेली नव्हती. फक्त तिच्यावरून गाडी नेण्याचा हक्क घेतला होता. गाडी बंद झाली की जमीन आपल्याकडे परत यावी, अशी शेतकऱ्यांची अपेक्षा होती, आणि ती काही चुकीची नव्हती. आपल्या शेतातून अनोळखी माणसांनी सायकली का न्याव्यात? हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० साली न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र ज्यांचा हक्क बुडतो त्यांना भरपाई मागता येईल, असेही सांगितले. सार्वजनिक हित आणि एकट्या माणसाचा हक्क यांचा मेळ घालणे हे पूल बांधण्याइतकेच अवघड काम आहे, आणि त्याला सूत्र नाही.

आपल्या वाटेतील वेस्टर्न मेरिलँडचा भाग तर हा कायदा होण्याच्या आधीच बंद पडला होता. म्हणून ही वाट तुकड्या-तुकड्यांनी मिळवावी लागली. १९८६ साली ओहायोपाइलजवळ पहिला सुमारे १५ किलोमीटरचा तुकडा खुला झाला. रूळ आणि स्लीपर गेलेलेच होते. मोठी खडी दाबून तिच्यावर चुनखडीचा बारीक चुरा पसरला आणि दाबून घट्ट केला. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि चाकही रुतत नाही. मग शेजारचा तुकडा, मग एक पूल, मग एक बोगदा. शेवटचा तुकडा पिट्सबर्गजवळ २०१३ साली जोडला गेला. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सत्तावीस वर्षे! कंबरलँडला ही वाट एका जुन्या कालव्याच्या काठाला मिळते. त्या कालव्यातील नावा काठावरून खेचरे ओढीत असत. त्यांची पायवाट आता सायकलवाल्यांची आहे. त्या वाटेने थेट वॉशिंग्टनपर्यंत जाता येते. एकूण अंतर सुमारे ५४० किलोमीटर.

कंबरलँडजवळच्या टप्प्यात आणखी एक समजुतदारपणा पाहायला मिळतो. तेथे एका बाजूला रूळ ठेवले असून त्यांवरून प्रवाशांची हौशी गाडी धावते, आणि शेजारून सायकलची वाट जाते. एक बोगदा तर दोघे मिळून वापरतात. वाट हवी म्हणून रूळ काढलेच पाहिजेत, असे नाही.

वाटेवर काय काय वाचावे?

नदीकाठची ही झाडी पाहून येथे कधी काजळी आणि धूर होता, हे पटत नाही. पण डोळे उघडे ठेवले तर खुणा दिसतात. झुडपांत लपलेल्या कोकच्या भट्ट्या दिसतात. एके ठिकाणी डोंगरातून येणारे पाणी खडकावर तांबूस-नारिंगी थर चढवीत उतरते. हा रंग कशाचा? कोळशाच्या थरांत लोह आणि गंधक यांचे एक खनिज असते, पायराइट. खाण खणली की त्याला हवा आणि पाणी मिळते. मग गंधकाम्ल तयार होते आणि लोह विरघळून बाहेर येते. उघड्यावर त्याचा गंजासारखा साका बसतो. अशा आम्लयुक्त पाण्यात मासे जगत नाहीत. खाण बंद होऊन कित्येक दशके लोटली तरी हे पाणी वाहतच राहते. त्यावर उपाय म्हणजे पाणी चुनखडीवरून नेऊन त्यातील आम्ल मारायचे आणि तळ्यात साठवून लोह खाली बसू द्यायचे.

नदीकाठच्या डार खाणीत १९ डिसेंबर १९०७ रोजी स्फोट होऊन २३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांची आठवण करून देणारा फलक तेथे आहे. ज्या कोळशासाठी ही रेल्वे झाली, त्याची किंमत केवळ पैशांत मोजलेली नव्हती. पिट्सबर्गमध्ये वाट ज्या पुलावरून नदी ओलांडते त्याला 'हॉट मेटल ब्रिज' म्हणतात. एके काळी झोतभट्टीतून काढलेले वितळलेले लालभडक लोखंड त्या पुलावरून गाड्यांमधून पलीकडच्या कारखान्यात नेत असत. आज तेथून मुले सायकली चालवितात. गावोगावच्या बंद कारखान्यांतल्या नोकऱ्या या वाटेने परत आणल्या नाहीत. पण सायकलस्वारांना जेवण, मुक्काम आणि दुरुस्ती लागते, त्यामुळे वाटेवरच्या लहान गावांत थोडी हालचाल मात्र पुन्हा सुरू झाली आहे.

आता आपल्या पायांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलगा आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरू. चुऱ्याच्या वाटेवर चाकाचा विरोध साधारण ०.८ किलोग्रॅम. ७० त १ चढामुळे त्यात १.१ किलोग्रॅमची भर पडते. एकूण सुमारे १.९. ताशी १० किलोमीटर वेगाने जायला यासाठी ५० ते ६० वॅट शक्ती लागते, म्हणजे एखाद्या जुन्या पद्धतीच्या दिव्याइतकी. निरोगी माणूस तेवढी शक्ती तासन् तास देऊ शकतो. आता तीच सायकल १२ त १ अशा रस्त्यावर न्या. एकट्या चढासाठीच ६.७ किलोग्रॅम लागतील, आणि त्याच वेगाला एकूण २०० वॅटच्या वर शक्ती हवी. मग आपण खाली उतरतो, यात नवल काय?

इस्पितळाच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार करतात, तो १२ त १ पेक्षा तीव्र नसावा असा संकेत आहे. आगगाडीचा मार्ग त्याहून कितीतरी सौम्य असतो. म्हणूनच ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांनाही या वाटेने डोंगराच्या माथ्यापर्यंत जाता येते. जड गाडीसाठी केलेली सोय अशक्त माणसाच्या कामी आली!

तुमच्या रस्त्याचा चढ मोजा

गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरतात, हे तुम्ही पाहिले असेल. तशी बारा-तेरा मीटर नळी मिळवा. शिक्षकांना बरोबर घेऊन वाहने नसलेल्या एखाद्या उताराच्या जागी जा. (चालू रेल्वेमार्गावर मुळीच जाऊ नका.) दोघांनी चढाच्या दिशेने एकमेकांपासून १० मीटरवर उभे राहून नळीची टोके वर धरावीत. नळीत बुडबुडे राहू देऊ नका. पाणी स्थिर झाले की दोन्ही टोकांना पाण्याची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा, खालच्या टोकाला ती १२० सेंटिमीटर भरली आणि वरच्या टोकाला ९५. फरक २५ सेंटिमीटर. १,००० भागिले २५ म्हणजे ४०. तुमचा चढ ४० त १ आहे.

बोरघाटातील रेल्वेच्या चढासाठी हा फरक २७ सेंटिमीटर येईल. कंबरलँडच्या बाजूला १४ सेंटिमीटर, कॅसलमनच्या खोऱ्यात ४ सेंटिमीटरच्या थोडा वर, आणि पिट्सबर्गच्या बाजूला अवघे ६ मिलिमीटर. शाळेच्या वाटेवरचे चार-पाच चढ मोजून त्यांचा तक्ता वर्गात लावा. गावाजवळ ओढा किंवा नदी असेल तर तिच्या काठच्या वाटेचाही चढ मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे नदीने केलेले काम तुमच्या वहीतच दिसेल. आणि पुढे कधी एखादा जुना, ओस पडलेला मार्ग तुमच्या पाहण्यात आला, तर त्यावरचे लोखंड किती रुपयांचे होईल याआधी त्याची सलग रेघ अजून शाबूत आहे का, हे पाहायला विसरू नका.